झळ कोणाला बसली? इंग्रजी वाक्प्रचार, ‘परिणाम’ आणि आपली मराठी

(स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर एकाच शाळेत मराठी आणि इंग्रजी असे दोन्ही विषय शिकवले. म्हणून आज मी दोन्ही भाषांच्या सीमेवरचा विषय निवडला आहे. एका गोष्टीचा दुसऱ्या गोष्टीवर, एका माणसाचा दुसऱ्या माणसावर जो परिणाम होतो, तो सांगणाऱ्या वाक्प्रचारांचा इंग्रजीत मोठा साठा आहे. गेल्या दोनशे वर्षांत त्यातले अनेक आपल्याकडे आले. काही आपलेसे झाले, काही उपरेच राहिले, तर काहींनी आपल्या घरचं चांगलं बोलणं बाहेर घालवलं.

माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडतो. परक्या भाषेतून आला एवढ्यावरून वाक्प्रचार वाईट ठरत नाही. तो कोणत्या वाटेनं आला आणि आल्यावर त्यानं काय दाखवलं, काय झाकलं, यावर त्याची पारख करावी. ही पारख करायला ठाणे, कल्याण आणि डोंबिवली यांच्याइतकी चांगली जागा क्वचित सापडेल, कारण परक्यांचा अंमल या पट्ट्यानं एकदा नव्हे, तीनदा पाहिला आहे.

आत्ता मी ‘अंमल’ म्हणालो. हा शब्द अरबी आहे, तो फारसीच्या वाटेनं मराठीत आला. पहिला अंमल आदिलशाहीचा. कल्याण-भिवंडी १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी तिच्याकडून घेतली, तेव्हा इथल्या कचेऱ्यांची भाषा फारसीनं भरलेली होती. पुढे महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तो मोठा विचार होता. त्यातले काही पर्याय टिकले, तरी ‘अंमल’ मात्र आपली जागा सोडून गेला नाही. उलट तो बोलण्यात खोल मुरला. कायदा अमलात येतो, योजनेची अंमलबजावणी होते, पेशव्यांचा अंमल बसतो आणि दारूचा अंमल चढतो. इंग्रजीत दारू प्यायलेला माणूस ‘प्रभावाखाली’ असतो. आपल्याकडे तो ‘अमलाखाली’ असतो. राज्य आणि नशा या दोन्हींसाठी एकच शब्द वापरणाऱ्या लोकांनी सत्तेविषयी पुष्कळ काही ओळखलं होतं. फारसी गेली, पण तिच्या शब्दात भरलेलं हे शहाणपण आता पूर्णपणे मराठी आहे.

दुसरा अंमल पोर्तुगीजांचा. ठाणं १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकून घेईपर्यंत त्यांच्या ताब्यात होतं. पाव, चावी आणि पगार हे शब्द पोर्तुगीजांकडचे. पहिल्या तारखेला पगाराची वाट पाहणाऱ्या डोंबिवलीकराला तो शब्द परका आहे, असं स्वप्नातही वाटत नाही.

तिसरा अंमल इंग्रजांचा. ठाण्याचा किल्ला १७७४ च्या अखेरीला त्यांच्या हाती गेला. पण भाषेच्या दृष्टीनं महत्त्वाची तारीख १६ एप्रिल १८५३ ही. त्या दिवशी बोरीबंदरहून निघालेली गाडी ठाण्याला पोचली. पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, मार्ग कल्याणपर्यंत खुला झाला. रेल्वेनं केवळ इंजिनं आणि डबे आणले नाहीत, विचार करण्याच्या नव्या प्रतिमाही आणल्या. बिघडलेला संसार रुळावर येतो. चर्चा रुळावरून घसरते. नवा माणूस कामात रुळतो, असं म्हणतानाही रेल्वेच्या पट्ट्यातल्या माणसाच्या मनात लोखंडी रूळच येतो.

‘हिरवा कंदील मिळणं’ हा वाक्प्रचार घ्या. इंग्रजीत अशा वेळी हिरवा दिवा मिळतो. मराठी माणसानं दिवा घेतला नाही, कंदील घेतला. का? कारण इथल्या माणसानं गार्डाच्या हातातला कंदील पाहिला होता. रात्री फलाटाच्या टोकाशी तो हलला की गाडी सुटते, हे त्याला डोळ्यांनी ठाऊक होतं. कल्पना बाहेरून आली, पण ती हमाल, खलाशी, पॉइंट्समन, तिकीट कारकून आणि रोजचा उतारू यांच्या अनुभवातून गेली आणि मगच मराठीत उतरली. आज कंदील गेले, तरी मंत्रालयातून प्रस्तावाला मिळतो तो हिरवा कंदीलच. जो वाक्प्रचार हाताच्या आणि डोळ्याच्या वाटेनं येतो तो टिकतो, असं मला वाटतं.

दुसरी वाट टेबलावरची, म्हणजे भाषांतराची. तिचाही मान ठेवला पाहिजे. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केलं, तेव्हा पानावर एका स्तंभात इंग्रजी आणि शेजारच्या स्तंभात मराठी असा मजकूर असे. आपली पत्रकारिता जन्मली तीच शेजारच्या स्तंभाकडे पाहत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, कँडींचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. विरामचिन्हं मराठीत रूढ करण्याचं श्रेयही मेजर कँडी यांनाच दिलं जातं. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर तर आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये निबंधमाला काढली. तिच्या वाक्यांच्या बांधणीवर इंग्रजी निबंधकारांची छाप उघड दिसते, आणि तरी मराठीच्या अभिमानाचं तेवढं जोरकस लेखन त्या काळात दुसरं नाही. एखाद्या विषयावर प्रकाश टाकणं, महत्त्वाची भूमिका बजावणं, हे सारं याच वाटेनं आलं. ते काढून टाका असं मी म्हणणार नाही. आज ते आपलंच आहे.

मग अडचण कुठे आहे? ती समजण्यासाठी इंग्रजी वाक्प्रचारांच्या मुळाशी जाऊ. प्रभावासाठी इंग्रजीत जो मुख्य शब्द आहे तो लॅटिनमधून आला. त्याच्या मुळाशी ताऱ्यांपासून वाहत येऊन माणसाचं दैव घडवणाऱ्या प्रवाहाची कल्पना आहे, आणि ‘इन्फ्लुएन्झा’ हे तापाचं नावही त्याच कुळातलं. आपल्याकडे साडेसाती लागते, ग्रहण लागतं, शनी पालटतो. दोन्ही समाजांनी कारण शोधताना आधी आकाशाकडे पाहिलं. इंग्रजीत पडद्यामागून दोऱ्या ओढल्या जातात, मराठीत सूत्रं हलवली जातात. कळसूत्री बाहुल्यांचा खेळ दोन्हीकडे होता, म्हणून प्रतिमाही जुळली. इथे कोणी कोणाचं उसनं घेण्याची गरज पडली नाही.

काही वाक्प्रचारांना तर नेमकी जन्मतारीख आहे. एक सोंगटी पडली की ओळीनं सगळ्या पडतात, ही डॉमिनोची प्रतिमा राजकारणात गाजली ती अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या ७ एप्रिल १९५४ च्या पत्रकार परिषदेनंतर. विषय होता इंडोचायना. ब्राझीलमधल्या फुलपाखराच्या पंखफडफडीनं टेक्ससमध्ये वादळ उठेल का, हा प्रश्न हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांच्या डिसेंबर १९७२ मधल्या व्याख्यानाच्या शीर्षकात होता. हवामानाच्या गणितात सुरुवातीचा अगदी सूक्ष्म फरक पुढे केवढा वाढतो, हे त्यांना सांगायचं होतं. म्हणजे या उक्ती रिकाम्या नाहीत. प्रत्येकीच्या मागे पाहिलेलं, सोसलेलं किंवा मोजलेलं काहीतरी आहे. उतारावरून घरंगळत मोठा होणारा बर्फाचा गोळा ज्यानं पाहिला, त्याच्या तोंडी ती उपमा शोभते.

आपल्याकडे बर्फ नाही. पण ठाण्याच्या खाडीकाठी मिठागरं होती. आट्यापाट्यांच्या खेळाचं दुसरं नाव लोणपाट, आणि लोण म्हणजे मीठ. सगळ्या पाट्या ओलांडून परत फिरलेला गडी आपल्या गड्यांपर्यंत लोण आणतो. त्या खेळातून बोलणं आलं: एका गिरणीतल्या संपाचं लोण दुसऱ्या गिरणीत पोचलं, आंदोलनाचं लोण राज्यभर पसरलं. लोण आपोआप घरंगळत नाही, ते कोणीतरी पोचवावं लागतं. बर्फाच्या गोळ्यात उताराची ओढ आहे, लोणात माणसाची धाव आहे. बातमी देताना हा फरक लहान नाही.

आता आपल्या भाषेचा या बाबतीतला मुख्य आधार पाहू. तो आहे ‘लागणं’ हे क्रियापद. ऊन लागतं, ठेच लागते, दृष्ट लागते. नाद लागतो, वेड लागतं, गोडी लागते, वळण लागतं. कोणाचं बोलणं मनाला लागतं. परगावचं पाणी लागतं. औषध लागू पडतं. माळशेज घाटात एखाद्याला गाडी लागते, आणि कल्याण स्टेशनात ‘चारला कसारा लागली’ असं कोणी ओरडलं की पूल गजबजतो. एवढ्या एका क्रियापदात निसर्ग, शरीर, मन, संगत आणि रेल्वे सगळं सामावलं आहे.

या वाक्यांची घडण नीट पाहा. मुलाला दृष्ट लागली. तिला बोल लागला. आजोबांना गुण आला. शेतकऱ्याला फटका बसला. गरिबाला झळ पोचली. ज्याच्यावर परिणाम झाला तो माणूस ‘ला’ किंवा ‘ना’ प्रत्यय घेऊन वाक्याच्या तोंडाशीच उभा आहे. मराठी आधी विचारते ‘कोणाला?’ आणि मग सांगते ‘काय झालं’. आजच्या व्याख्यानात मला सगळ्यात मोलाची वाटते ती ही गोष्ट.

शिवाय झालं ते किती आणि कोणत्या जातीचं, हेही मराठी नेमकं सांगते. झळ आगीपासून थोड्या अंतरावर बसते. चटका जवळ गेल्यावर बसतो. आगीत होरपळणारा थेट ज्वाळांत सापडलेला असतो. फटका अचानक बसतो, हादरा मुळापासून बसतो. पडसाद मागाहून उमटतात. केलेलं अंगाशी येतं ते करणाऱ्याच्याच, आणि सुक्याबरोबर ओलं जळतं तेव्हा निरपराधही भरडला जातो. ढवळ्याशेजारी बांधलेल्या पवळ्याला वाण नाही पण गुण लागतो. संगतीचा परिणाम याहून थोडक्यात कोणत्याही भाषेत सांगता येईलसं वाटत नाही. दवाखान्यातही हेच. ताप उतरतो, दुखण्याला उतार पडतो, औषधाचा गुण येतो, एखाद्याला ते मानवत नाही, एखाद्याला बाधतं. ‘साइड इफेक्ट’ हा शब्द घरोघरी पोचला आणि तो उपयोगी आहे, तो राहावा. पण जिची औषधं चालू आहेत ती म्हातारी ‘गोळी मला मानवत नाही’ असं म्हणते, तेव्हा ती डॉक्टरला अधिक सांगत असते.

आता माणसाचा माणसावरचा प्रभाव. वडिलांचा धाक असतो. मास्तरांची जरब असते. पोलिसांचा वचक असावा लागतो. वाघाचा दरारा असतो. घराण्याचा दबदबा असतो. गुंडाची दहशत असते. यातले काही शब्द फारसी-अरबी घरचे, पण त्यांची ही बारीक वाटणी मराठीनं केली. आणि ही वाटणी नैतिक आहे. खंडणी मागणाऱ्याचा ‘दबदबा’ अशी बातमी येते तेव्हा लिहिणाऱ्यानं नकळत त्याला अब्रू बहाल केलेली असते. दबदब्यात मान आहे, दहशतीत फक्त भीती आहे. ज्या दुकानदाराला त्या माणसानं धमकावलं, त्याच्यावर हा शब्द दुसरा अन्याय करतो. ‘वजन’ या शब्दाचंही तसंच. एखाद्या वृद्ध कार्यकर्त्याच्या शब्दाला वजन असतं. फायलीवर वजन ठेवावं लागतं ते वेगळं. शब्द एकच, पण मराठी माणूस त्यातला फरक ओळखतो आणि बोलून दाखवतो.

या संपत्तीचं आज काय होत आहे? सगळ्या छटा तीन शब्दांत गोळा होत आहेत. एक ‘परिणाम’, दुसरा ‘प्रभावित’, तिसरा ‘इम्पॅक्ट’. ‘प्रभावित’चा प्रवास पाहा. कालपरवापर्यंत एखाद्याच्या भाषणानं आपण प्रभावित होत होतो, म्हणजे भारावून जात होतो. आता दुरुस्तीच्या कामामुळे पाणीपुरवठा ‘प्रभावित’ राहतो, पुरानं गावं ‘प्रभावित’ होतात. इंग्रजी शब्द हिंदीत गेला, हिंदीतून सरकारी आणि वाहिन्यांच्या मराठीत आला. वाटेत त्याला कोणाचा हात लागला नाही, कोणाचा कंदील दिसला नाही.

पाण्याचीच गोष्ट घेऊ. सूचना येते की, शहराच्या काही भागांतील पाणीपुरवठ्यावर परिणाम होणार असून नागरिकांनी सहकार्य करावे. यात पाणी येणार नाही, की कमी दाबानं येणार, की रात्री दोनला येणार? चौथ्या मजल्यावर चढणार की नाही? हंडे भरून ठेवायचे ते किती वेळासाठी? एकाही प्रश्नाचं उत्तर नाही. ज्या बाईला पहाटे उठून पाणी भरायचं आहे, ती त्या वाक्यात कुठेच नाही. तीच सूचना ‘मंगळवारी दिवसभर नळाला पाणी येणार नाही, बुधवारी सकाळी कमी दाबानं येईल’ अशी लिहिता येते, आणि ती लिहिण्यासाठी कोणत्याही कोशाची गरज नाही.

या पाण्याची दुसरी बाजूही आहे. आपल्या या पट्ट्यातल्या अनेक नळांना बारवी धरणाचं पाणी येतं. धरणाची उंची वाढत गेली, तशी त्या परिसरातली गावं पाण्याखाली गेली. त्या माणसांना आपण ‘प्रकल्पग्रस्त’ म्हणतो. महाराष्ट्रानं प्रकल्पामुळे विस्थापित होणाऱ्यांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ मध्ये केला, त्याच काळात हा शब्द राज्याच्या तोंडी बसला. ‘ग्रस्त’ म्हणजे गिळलेला, ग्रासलेला. चंद्राला ग्रहण लागतं त्या कुळातला हा शब्द. भूकंपग्रस्त, पूरग्रस्त, प्रकल्पग्रस्त. सरकारी शब्दही जिवंत आणि खरा असू शकतो याचा हा पुरावा आहे. ‘ग्रस्त’ म्हटलं की कोणीतरी कोणालातरी गिळलं आहे, हे लपत नाही. ‘प्रभावित’ म्हटलं की कोणी काही केलंच नाही, आणि कोणाचं काही गेलंच नाही, असं वाटतं.

डोंबिवलीकरांना हे अधिक सांगायला नको. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दोन दिवशी एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यांत स्फोट झाले. माणसं मेली, दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. अशा घटनेनंतर ‘परिसरावर विपरीत परिणाम झाला’ असं वाक्य लिहिणं सोपं असतं, आणि ते खोटंही नसतं. पण ‘कामगारांचे जीव गेले, शेजारच्या वस्तीला हादरा बसला, मुलं दिवसभर घाबरली होती’ असं लिहिलं की पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो: हे कोणामुळे झालं आणि कोणी भरून द्यायचं? पहिल्या वाक्यातून तो प्रश्न उगवतच नाही. भाषेतली धार गेली की जबाबदारीही बोथट होते, आणि म्हणून हा विषय मला केवळ शुद्धलेखनाचा किंवा रुचीचा वाटत नाही.

कोणी म्हणेल, इंग्रजी माध्यमाच्या मुलांच्या घरात हे सगळं उरणार कसं? मला निराशेचं कारण दिसत नाही. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून उभं आहे. वि. ल. भावे आणि त्यांच्या सोबत्यांनी ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये काढलं, तेव्हाही शिकलेला मराठी माणूस इंग्रजीनं भारावलेलाच होता. दाते आणि कर्वे यांचा महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश १९४० च्या दशकात निघाला, तो आजही हाताशी आहे. डोंबिवलीत २०१७ मध्ये नव्वदावं साहित्य संमेलन भरलं, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. संस्था आहेत, ग्रंथ आहेत, मान आहे. आता काम आहे ते रोजच्या वाक्यांत.

म्हणून तीन विनंत्या करतो.

पहिली शिक्षकांना. इंग्रजी वाक्प्रचार जरूर शिकवा, त्यांच्या जन्मकथांसह शिकवा. डॉमिनो आणि फुलपाखरू मुलांना आवडेल. पण त्याचं शब्दाला शब्द भाषांतर मागू नका. प्रसंग द्या आणि विचारा: असा प्रसंग तुझ्या घरी घडला तर आजी काय म्हणेल? मुलं लोण, ठिणगी, ढवळ्या-पवळ्या आणतील, आणि काही नवंही आणतील. ठाकुर्लीजवळ सिग्नल बिघडला की फटका कर्जत-कसाऱ्यापर्यंत बसतो, हे लोकलनं जाणाऱ्या घरातल्या मुलाला नीट कळतं. त्यातूनच उद्याचा वाक्प्रचार निघेल.

दुसरी विनंती पत्रकारांना आणि पालिकेच्या कचेरीत सूचना लिहिणाऱ्यांना. तुमच्यावर कामाचा आणि वेळेचा ताण असतो, हे मी जाणतो. ‘परिणाम’ शब्द लिहून झाला की क्षणभर थांबा आणि विचारा: कोणाला? कशानं? किती? उत्तर मिळालं की वाक्य बदला. दहापैकी निम्म्या वेळी ते लहानही होईल.

तिसरी विनंती आई-वडिलांना. मुलांनी इंग्रजी उत्तम बोलावं, त्यात कमीपणा काहीच नाही. घरात मात्र त्यांच्याशी बोलताना ‘तुला वाईट वाटलं का’ एवढ्यावर थांबू नका. ‘त्याचं बोलणं तुला लागलं का’ असं विचारा. दोन्ही प्रश्नांतलं अंतर त्यांच्या कानांना कळू द्या. हे अंतर कळणारं मूल पुढे कोणत्याही भाषेत लिहिलं, तरी दुसऱ्याला काय झालं हे नेमकं पाहील.

इंग्रजी आपल्यावर परिणाम करत राहणार, आणि तिच्याकडून घेण्यासारखं अजून पुष्कळ आहे. घेताना आपल्या भाषेची एक सवय मात्र सोडू नये: ज्याला झळ बसली, त्याला वाक्यात पहिली जागा देण्याची. ही सवय आपल्याला कोणा पंडितानं लावलेली नाही. बाजारात, शेतात, गिरणीत, स्वयंपाकघरात आणि गाडीच्या गर्दीत बोलणाऱ्या पिढ्यांनी ती लावली. ती सांभाळणं हे माझ्या मते साहित्यिकांइतकंच नागरिकांचं काम आहे.